स्टेअरिंग जड वाटतंय? गाडी आणण्याआधी हे वाचा

आम्ही जळगावात चारचाकींचं अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि स्टेअरिंग-सस्पेन्शनचं काम करतो. अलीकडे एक तक्रार पुन्हापुन्हा येते: "भाऊ, कालपर्यंत स्टेअरिंग मऊ होतं, आज एकदम जड पडलं." गाडी रॅम्पवर घेतो, टाय रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश हलवून बघतो, सगळं घट्ट असतं. मग डॅशबोर्डवर नजर जाते आणि तिथे 'स्पोर्ट' हा ड्राइव्ह मोड, म्हणजे गाडी चालवण्याची वेगळी पद्धत, लागलेला दिसतो. गाडी धुताना किंवा मुलांच्या हातून मोडचं बटण फिरलेलं असतं. काही गाड्या बंद करून पुन्हा चालू केल्या की मोड आपोआप नॉर्मलवर येतो, काहींत शेवटचा मोड तसाच राहतो. अशा कामाचे पैसे आम्हाला नकोत आणि तुमची चक्करही वाचावी, म्हणून हे पत्रक.

मोड बदलला की काय बदलतं

आजच्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगला इलेक्ट्रिक मोटर मदत करते. स्टेअरिंगच्या दांड्यात एक छोटी सळई असते. तुम्ही स्टेअरिंग फिरवलं की ती किंचित पिळली जाते. किती पिळली ते सेन्सर मोजतो आणि त्यावरून मोटरने किती जोर लावायचा हे ठरतं. गाडी हळू असताना जोर जास्त, वेग वाढला की कमी. स्पोर्ट मोडमध्ये हीच मदत आणखी कमी केली जाते, म्हणून हाताला जड लागतं. सर्वसाधारण गाडीत चाकं मात्र तेवढ्याच फेऱ्यांत तेवढीच वळतात. चाकं वळवणारा दांडा (रॅक) तोच, टायर तेच, अलाइनमेंट तेच. त्याच बटणाने ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअर बदलण्याची वेळही बदलते, त्यामुळे "गाडीच वेगळी वाटते" हे ग्राहकांचं म्हणणं खरंच असतं.

तुमच्या गाडीचं स्टेअरिंग हायड्रॉलिक असेल तर मोडमुळे ते जड होत नाही. टाटा हॅरियर २०१९ मध्ये आली तेव्हा तिला हायड्रॉलिक स्टेअरिंग होतं, २०२३ च्या नव्या रूपात इलेक्ट्रिक आलं. म्हणजे एकाच गल्लीत उभ्या असलेल्या दोन हॅरियरना आम्ही वेगवेगळे प्रश्न विचारणार. हायड्रॉलिक स्टेअरिंग जड झालं, तर ऑइल, पट्टा आणि पंप बघावा लागतो, आणि तो उशीर करण्यासारखा विषय नाही.

जड म्हणजे पकड जास्त, असं नाही

हे नीट वाचा, कारण घाटात याचा संबंध जिवाशी आहे. वळणावर टायर स्वतःहून सरळ व्हायला बघतो आणि तो ताण स्टेअरिंगमधून हाताला लागतो. टायरची पकड संपत आली की हा ताण आधी उतरतो आणि स्टेअरिंग अचानक हलकं लागतं. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना किंवा विसरवाडीकडून कोंडाईबारीच्या वळणांवर, पावसात स्टेअरिंग असं हलकं पडलं तर पुढचे टायर घसरायच्या बेतात आहेत असं समजा. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टेअरिंग जास्त वळवू नका, झटक्यात ब्रेक मारू नका.

स्पोर्ट मोडचा जडपणा मोटरने आणलेला असतो. त्याने रस्त्यावरची पकड तसूभरही वाढत नाही, उलट ॲक्सिलरेटर जास्त तिखट झालेला असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तेच दोन टायर गाडी ओढतात आणि तेच वळवतातही. ओढण्यात पकड खर्च झाली तर वळायला थोडीच उरते. म्हणून ओल्या घाटात नॉर्मल मोड ठेवा, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. कोरड्या रस्त्यावर, सुरत महामार्गाच्या सरळ पट्ट्यावर, जड स्टेअरिंग स्थिर वाटतं. तिथे स्पोर्ट खुशाल वापरा.

ट्रॅक्शनचं बटण आणि काळी माती

ट्रॅक्शन कंट्रोल प्रत्येक चाकाचा वेग मोजतो. एखादं चाक नुसतं फिरायला लागलं की इंजिनचा जोर कमी करतो आणि त्या चाकाला ब्रेक लावतो. पाऊस पडून गेल्यावर रावेर, सावदा, फैजपूरकडे केळीच्या बागेतून गाडी काढताना स्टेअरिंग हातात डावी-उजवीकडे ओढल्यासारखं होतं, खालून गरगर आवाज येतो, डॅशबोर्डवर दिवा लुकलुकतो. हा बिघाड नाही, यंत्रणा काम करते आहे.

पण काळ्या मातीचा चिखल टायरच्या नक्षीत भरला की टायर गुळगुळीत होतो. चाक फिरलं की ट्रॅक्शन कंट्रोल जोर काढून घेतो आणि गाडी आहे तिथेच रुतते. अशा वेळी बटण दाबून तो बंद करा, चाकं सरळ ठेवा, मॅन्युअल असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने काढा. फिरणाऱ्या चाकाला एकदम पकड मिळाली की स्टेअरिंग जोरात झटका देतं, म्हणून अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवू नका. डांबरावर आलात की बटण लगेच पुन्हा चालू करा. घाटात आणि महामार्गावर तो बंद ठेवायचं काहीही कारण नाही.

क्रेटा, सेल्टॉससारख्या गाड्यांच्या काही मॉडेलमध्ये चिखल, वाळू, बर्फ किंवा ओल्या रस्त्यासाठी वेगळे ट्रॅक्शन मोड असतात. त्यांनी गाडी फोर-बाय-फोर होत नाही, जोर फक्त पुढच्याच चाकांना मिळतो. तापी किंवा गिरणेच्या पात्रातल्या मऊ वाळूत या मोडच्या भरवशावर उतरू नका.

ज्यांची गाडी थारसारखी खरी फोर-बाय-फोर आहे, त्यांनी कोरड्या डांबरावर ४-एच (चारही चाकांना जोर) लावून वळू नये. वळताना पुढची चाकं लांबचा रस्ता कापतात, पण यंत्रणा पुढचा-मागचा एक्सल एकाच वेगाने फिरवते. मग स्टेअरिंग आखडतं, गाडी उड्या मारल्यासारखी चालते आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. २-एचवर (दोनच चाकांना जोर) घेतलं की त्रास जातो.

मोडचा दोष नसतो तेव्हा

सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, सरळ चालताना स्टेअरिंग वाकडं राहतं, मधोमध ढिलाई जाणवते, खड्ड्यात 'खट' आवाज येतो, स्टेअरिंगचा दिवा लागून राहतो: यातलं काहीही असेल तर गाडी आणा. ८० च्या आसपास स्टेअरिंग थरथरत असेल, तर आधी चाकाच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखल धुऊन बघा. शेतातून आलेल्या बऱ्याच गाड्यांचा त्रास तेवढ्यानेच जातो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. अरुंद जागेत उभ्या गाडीचं स्टेअरिंग सारखं पूर्ण वळवत राहिलं तर मोटर तापते आणि स्वतःला वाचवायला मदत कमी करते. गाडी थोडा वेळ निवू द्या. स्टेअरिंग पुन्हा मऊ झालं तर काळजी नाही. थंड गाडीतही जड राहिलं तर बॅटरी तपासू.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी स्टेअरिंग जड होतं. लांबून आल्यावर चार-पाच पीएसआय जास्त दिसले म्हणून हवा काढू नका.

अलाइनमेंट कुठेही केलं आणि त्यानंतर गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा लागला, तर स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणायचा राहिला असण्याची शक्यता मोठी आहे. आमच्याकडे अलाइनमेंट झालं की तो तपासूनच गाडी देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

येताना डिकीतलं जड सामान उतरवून या आणि जडपणा कोणत्या मोडमध्ये, किती वेगाला, कोणत्या रस्त्यावर जाणवला ते सांगा. आधी तुमच्यासोबत एक फेरी मारू, मगच गाडी रॅम्पवर घेऊ.