सामासिक अंतर (निवासी भूखंडावरील, विशेष संदर्भ : इंदूर)

सामासिक अंतर : इमारतीची बाहेरची भिंत आणि भूखंडाची हद्द यांच्यामध्ये नियमाने मोकळी ठेवावी लागणारी जमीन. समोरचे, मागचे आणि बाजूचे असे तिचे प्रकार होतात. भूखंडाचा किती भाग तळमजल्याने व्यापावा, सर्व मजले मिळून भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम व्हावे (चटई क्षेत्र निर्देशांक) आणि उंची किती असावी, या तीन मर्यादांच्या जोडीने सामासिक अंतर घराचे आकारमान व जागा ठरवते. इंदुरात नकाशे काढणारे अभियंते आणि घर बांधणारी मराठी कुटुंबेही बोलताना ‘एमओएस’ (मार्जिनल ओपन स्पेस, म्हणजे सामासिक अंतर) आणि ‘एफएआर’ (फ्लोअर एरिया रेशो, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक) हीच लघुरूपे वापरतात.

उगम : इंदुरात हा नियम कोणत्या वाटेने आला याविषयी तीन मांडण्या संभवतात. पहिली आरोग्यविषयक कायद्यांची. इंग्लंडमधील १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतरच्या उपविधींनी घरामागे मोकळी जागा सक्तीची केली. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्याने तिला भूमितीची जोड दिली : मागील हद्दीपासून इमारतीकडे ६३½ अंशांची तिरकी रेषा कल्पावी आणि इमारतीने ती ओलांडू नये. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि हाच कोन ‘प्रकाशरेषा’ म्हणून मुंबईच्या चाळींना लावला गेला. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्याचा विशेष पुरस्कार केला.

या कोनामागचे गणित साधे आहे. ६३½ अंशांवर उंची ही अंतराच्या जवळजवळ दुप्पट भरते. समोरची भिंत १२ मीटर उंच असेल, तर तळमजल्याच्या खिडकीला पुरेसे आकाश दिसण्यासाठी मध्ये ६ मीटर मोकळे हवेत. पुढे राष्ट्रीय इमारत संहितेने (पहिली आवृत्ती १९७०) सुमारे १० मीटर उंचीपर्यंतच्या घरांसाठी ३ मीटरांचे मोकळे अंतर धरले. एकट्या भूखंडापुरते पाहिले तर ते अपुरे दिसते, कारण ३ मीटरांच्या अंतराला ६ मीटरच उंची शोभते. पण शेजाऱ्यानेही ३ मीटर सोडले की मधली जागा ६ मीटर होते, आणि १० मीटरांची घरे प्रकाशरेषेच्या आत बसतात. या नियमाचा खरा पाया हाच आहे. प्रत्येक घराचा अर्धा प्रकाश शेजाऱ्याच्या जमिनीवरून येतो. एकाने आपली बाजू बांधून काढली, तर अंधार दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पडतो. नियमपुस्तिकांत ही गोष्ट क्वचितच अशा शब्दांत लिहिलेली आढळते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली आहे.

दुसरी मांडणी बंगल्याच्या आवाराची. १८१८ च्या मंदसोर तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रज रेसिडेन्सीचा स्वतंत्र इलाखा वसला. तेथील बंगले आवाराच्या मधोमध असत आणि चारही बाजूंना बाग असे. तुकोगंजसारख्या वस्तीत, बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, हाच नमुना होळकरी अधिकारी आणि व्यापारी यांच्या घरांत उतरला. समोरचे अंतर बाजूच्या अंतरापेक्षा मोठे ठेवण्याची पद्धत प्रकाशाच्या गणितातून पूर्णपणे स्पष्ट होत नाही. ती या आवाराच्या नमुन्यातून आली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तिसरी मांडणी पॅट्रिक गेडिस यांच्या कार्याशी जोडलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंदुरात प्लेगच्या साथी वारंवार येत. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकाराला पाचारण केले. त्यांचा दोन भागांतील अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९१७ च्या दिवाळीत त्यांनी काढलेल्या मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, आणि ज्या गल्ल्या स्वच्छ ठेवल्या जातील तेथून मिरवणूक जाईल असे जाहीर केल्यामुळे लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मात्र सामासिक अंतराचे श्रेय गेडिस यांना देणे कठीण आहे. एकाच मापाने रस्ते रुंद करून जुनी वस्ती पाडणाऱ्या अभियंत्यांवर त्यांनी सातत्याने टीका केली. त्यांचा भर निवडक दुरुस्तीवर होता : पडकी घरे काढावीत, त्या जागी लहान चौक व झाडे ठेवावीत, विहिरी आणि देवळांभोवतीच्या जागा राखाव्यात. सर्व भूखंडांना सारखी लागू होणारी मापे या विचाराशी जुळत नाहीत. तेव्हा आजच्या नियमातले गणित लंडन-मुंबईचे, आकार बंगल्याचा, आणि गेडिस यांचा वारसा नियमापेक्षा बागा व नदीकाठ यांविषयीच्या आग्रहात अधिक, असे म्हणणे योग्य ठरेल.

वाडा आणि चौक : राजवाड्याभोवतालच्या आणि जुनी इंदूर भागातील पारंपरिक घरांना सामासिक अंतर नव्हते. भिंती शेजाऱ्यांशी जोडलेल्या, पुढे रस्त्याला लागून ओटा आणि मोकळी जागा घराच्या पोटात, चौकाच्या रूपाने. मराठी सरदार, कारकून, पुरोहित यांच्या वाड्यांत हवा, उजेड, पावसाचे पाणी, तुळस आणि वाळवण हे सारे चौकावर चाले. घर अरुंद असले तरी मधल्या खोलीला उजेड मिळे. पुढे नियमांनी मोकळी जागा आतून बाहेर आणली. चौक कायद्याने बंद झाला नाही, पण चहूबाजूंनी जागा सोडल्यावर लहान भूखंडावर त्यासाठी जमीनच उरली नाही. रामबागसारख्या मराठी वस्तीत जुन्या घराच्या जागी नवे घर उभे राहताना हा बदल स्पष्ट दिसतो.

कायदेशीर चौकट : १९५६ मध्ये मध्यप्रदेश राज्य झाल्यावर मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ लागू झाला. त्याखाली १९८४ चे आणि नंतर २०१२ चे भूमी विकास नियम आले. शहराची पहिली विकास योजना १९७५ मध्ये, १९९१ हे लक्ष्यवर्ष धरून, मंजूर झाली. दुसरी २००८ च्या आरंभी, २०२१ साठी. राज्यभराचे नियम आणि शहराची योजना एकत्र वाचावी लागतात, आणि जुन्या मध्यभागासाठी योजनेत वेगळे मापदंड आहेत. वसाहतीचा आराखडा नगर तथा ग्राम निवेश विभाग मंजूर करतो, घराचा नकाशा महापालिका.

मापे : राष्ट्रीय संहितेनुसार घरांचे तीन प्रकार होतात. सुट्या घराच्या चारही बाजू मोकळ्या असतात, जोडघराची एक बाजू शेजाऱ्याला चिकटलेली असते आणि रांगेतल्या घराच्या दोन्ही बाजू जोडलेल्या असतात. उंचीवर रस्त्याचेही नियंत्रण असते. रस्त्याची रुंदी आणि समोरचे मोकळे अंतर यांच्या बेरजेच्या दीडपटीहून इमारत उंच नसावी. म्हणजे ९ मीटरच्या रस्त्यावर ३ मीटर सोडल्यास १८ मीटर. मोकळ्या जागेवर छज्जा ०·७५ मीटरपर्यंत पुढे येऊ शकतो. वाहनांसाठी खांबांवर मोकळा ठेवलेला तळ चटई क्षेत्रात धरत नाहीत.

इंदुरातील मध्यमवर्गीय वसाहतींतले नेहमीचे भूखंड २० × ५० आणि ३० × ५० फुटांचे असतात. पहिल्याची रुंदी अवघी ६·१ मीटर. एका बाजूला ३ मीटर सोडले तर घराला ३·१ मीटरच उरतात, म्हणून असे घर रांगेतलेच बांधावे लागते. भूखंडाची पुढून मागे लांबी १५·२४ मीटर. समजा समोर ३ आणि मागे १·५ मीटर सोडले, तर सुमारे १०·७ मीटर लांबीच्या घराला फक्त दोन टोकांनी खिडक्या मिळतात. मधल्या खोलीसाठी वायुकूप, म्हणजे हवा-उजेडासाठी वरपर्यंत मोकळी ठेवलेली अरुंद उभी जागा, ठेवतात. तो बहुधा मोरीच्या रुंदीचा असतो आणि चौकाचे काम करू शकत नाही. भूखंडाचे क्षेत्र ९३ चौ. मी. आहे, त्यावर निर्देशांक १·५ धरला तर १३९ चौ. मी. बांधकाम होते, आणि तळमजला ६० टक्के जागेवर बसवला तर ते अडीच मजल्यांत संपते. दुसऱ्या भूखंडाचे क्षेत्र १३९·३५ चौ. मी. भरते. छतावरचे पाणी जिरवण्याची सक्ती १४० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांना असल्याने ती याला किंचित फरकाने लागत नाही. मोकळी जागा ही कूपनलिका, शोषखड्डा आणि झाड यांचीही जागा असल्याने ही बाब महत्त्वाची आहे. माळव्याची काळी माती ओलीने फुगते व उन्हाने आकसते. पायाशी पाणी साचू नये यासाठीही भिंत आणि हद्द यांत अंतर लागते.

उल्लंघन व प्रशमन : मंजुरीपेक्षा जास्त झालेले बांधकाम शुल्क घेऊन नियमित करण्याची, म्हणजे ‘कंपाउंडिंग’ची, तरतूद मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ मध्ये आहे. तिची मर्यादा २०२१ मध्ये १० टक्क्यांवरून ३० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली. टक्केवारी क्षेत्रफळाची मोजली जाते. वर सांगितलेले प्रकाशाचे गणित मात्र बांधकाम कोणत्या जागी आहे यावर अवलंबून आहे. गच्चीवर वाढवलेली खोली आणि बाजूच्या अंतरात वाढवलेली खोली क्षेत्रफळाने सारख्या असल्या, तरी दुसरी शेजाऱ्याच्या उजेडाचा वाटा घेते. म्हणून प्रशमनाचा विचार करताना अतिरिक्त बांधकाम कोठे आहे, हा प्रश्न ते किती आहे याच्या आधी विचारला जायला हवा. आता नकाशे संगणकप्रणालीतून तपासले जातात आणि कागदावरचे अंतर चुकल्यास तेथेच अडते. प्रत्यक्ष जागेवर छज्ज्याची बाल्कनी आणि बाल्कनीची खोली होणे मात्र पाहणीतूनच उघडकीस येते.