शिकागोतले मेक्सिकन कलासंग्रहालय : शिक्षकांनी रुजवलेली प्रदर्शने आणि उत्सव

शिकागोच्या पिल्सन भागातल्या 'नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट'मध्ये दर शरदात 'दीआ दे लोस मुएर्तोस', म्हणजे मृतांच्या दिवसाचे प्रदर्शन भरते. १९८७ पासून चालत आलेले हे प्रदर्शन अमेरिकेतल्या अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या प्रदर्शनांत गणले जाते. बातम्यांतून आपल्यापर्यंत पोचतात ती साखरेच्या कवट्यांची आणि झेंडूच्या राशींची छायाचित्रे. या संग्रहालयात काय मांडायचे आणि कुणासाठी मांडायचे हे कसे ठरत गेले, ते समजून घ्यायला मात्र ही वस्ती आणि तिने शाळेसाठी दिलेला लढा माहीत असावा लागतो.

पिल्सन हे नावच मुळी चेक. एकोणिसाव्या शतकात बोहेमियातून आलेल्या कामगारांनी आपल्या प्ल्झेन शहराची आठवण म्हणून ते ठेवले. मेक्सिकन मजूर शिकागोत आले ते साधारण १९१० च्या दशकापासून, रेल्वेमार्ग, पोलाद कारखाने आणि मांस पॅक करणाऱ्या गिरण्यांच्या कामावर. त्यांची एक मोठी वस्ती शहराच्या मध्यभागाजवळ, निअर वेस्ट साइडला होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे इलिनॉय विद्यापीठाचे नवे आवार बांधायला घेतले गेले आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. त्यांपैकी बरीच मेक्सिकन कुटुंबे दक्षिणेला सरकून अठराव्या रस्त्याच्या आसपास स्थिरावली आणि पिल्सन बघता बघता मेक्सिकन झाले. म्हणजे ज्या वस्तीने पुढे हे संग्रहालय उभे केले, ती स्वतःच विस्थापनातून घडलेली होती.

या लोकांकडे गॅलऱ्या नव्हत्या, भिंती होत्या. १९६८ मध्ये मारिओ कास्तियो यांनी इथे एक भित्तिचित्र रंगवले आणि पुढच्या दशकात गल्लोगल्ली चित्रे उमटली. भिंतीवर चित्र काढून लोकांशी बोलायची ही रीत मेक्सिकोच्या क्रांतीनंतरची. शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी १९२० च्या दशकात सरकारी इमारतींच्या भिंती दिएगो रिवेरांसारख्या चित्रकारांच्या हवाली केल्या होत्या. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे असे एक कारण आहे. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरांनी काढलेल्या एका चित्रात मेजावर भाकरी मोडणारा माणूस आहे, तो आपल्या वर्ध्याचा. गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि नंतर चापिंगोच्या कृषिशाळेत मक्यावर संशोधन करणारे पांडुरंग खानखोजे यांना रिवेरांनी त्या जागी बसवले. शेतकऱ्यांना मोफत शिकवणाऱ्या शाळांशी खानखोजे जोडलेले होते, त्यामुळे ती जागा त्यांना शोभते. शिक्षण आणि चित्रकला एकाच चळवळीच्या दोन बाजू आहेत, ही समजूत त्या पिढीची होती, आणि शिकागोत पुन्हा दिसते तीही तीच.

पिल्सनमध्ये हायस्कूल नव्हते. पालकांनी, विशेषतः आयांनी, वर्षानुवर्षे मोर्चे काढले, शिक्षण मंडळाशी भांडण मांडले, तेव्हा कुठे १९७७ मध्ये मेक्सिकोचे एकोणिसाव्या शतकातले राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या नावाची शाळा उघडली. या वातावरणात वाढलेल्या शिक्षकांपैकी कार्लोस तोर्तोलेरो आणि हेलन वाल्देझ यांनी १९८२ मध्ये सहकाऱ्यांना घेऊन संग्रहालयाची संस्था स्थापन केली. सुरुवातीची पुंजी होती ९०० डॉलर. पाच वर्षांनी, मार्च १९८७ मध्ये, हॅरिसन पार्कमधल्या एका जुन्या इमारतीत संग्रहालय उघडले. तिथे पूर्वी बोटी बनवण्याची कार्यशाळा होती. जागेची निवड विचारपूर्वक होती. शहराच्या मध्यभागी, मोठ्या संग्रहालयांच्या रांगेत जाण्याऐवजी ते कामगारांच्या वस्तीत राहिले आणि प्रवेश पहिल्या दिवसापासून मोफत ठेवला. माझ्या मते या संस्थेने घेतलेला सर्वांत मोठा कलाविषयक निर्णय हाच. कारण तिकीट नसले की आजीपासून नातवापर्यंत सगळे घर येते, आणि प्रेक्षक असा असला की प्रदर्शन कसे मांडायचे हेही बदलते.

मृतांच्या दिवसाच्या प्रदर्शनात ते स्पष्ट दिसते. स्थानिक आदिवासी विधी आणि कॅथलिकांचे १ व २ नोव्हेंबरचे सण यांच्या मिश्रणातून हा दिवस घडला. पहिला दिवस मुलांच्या आत्म्यांचा, दुसरा मोठ्यांचा. अमेरिकेत तो घराबाहेर, सार्वजनिक स्वरूपात आणला तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, कलाकारांनी. शिकागोच्या शिक्षकांनी त्याला संग्रहालयाची दालने दिली. इथला केंद्रबिंदू म्हणजे ओफ्रेंदा, मृतासाठी मांडलेली पायऱ्यापायऱ्यांची वेदी. वरच्या पायरीवर फोटो, खाली पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा धूप, 'पान दे मुएर्तो' नावाचा गोडसर पाव, आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचे ते: सिगारेटचे पाकीट, बिअरची बाटली, शिवणाचा डबा. वर नक्षी कापलेल्या पातळ कागदाची तोरणे. सगळीकडे झेंडू, कारण त्याच्या रंगाने आणि वासाने आत्म्याला वाट सापडते अशी श्रद्धा. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिथलाच, पोर्तुगीजांबरोबर तो भारतात आला असे मानले जाते.

ख्यातनाम कलाकारांच्या शेजारी वस्तीतल्या कुटुंबांनी मांडलेल्या ओफ्रेंदा असतात आणि दोघांना मान सारखाच. २०२० मध्ये हे प्रदर्शन करोनाने दगावलेल्यांना वाहिलेले होते. साथीत शिकागोच्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या लोकांच्या, वस्त्यांना जबर फटका बसला होता. अंत्यविधीलाही जमू न शकलेल्या माणसांना शोक करायला संग्रहालयाने जागा दिली. कलेचे संग्रहालय हे काम करू शकते, हे तिथे ठसठशीत दिसले.

१९९४ मध्ये सुरू झालेला सोर हुआना महोत्सव हा दुसरा मोठा धागा. सतराव्या शतकातल्या सोर हुआना इनेस दे ला क्रूस या जोगिणीने मठात राहून कविता आणि नाटके लिहिली, मोठा ग्रंथसंग्रह जमवला. पुएब्लाच्या बिशपने एका जोगिणीचे नाव धारण करून तिला या उद्योगाबद्दल फटकारले, तेव्हा १६९१ मध्ये तिने स्त्रियांच्या शिकण्याच्या हक्काची बाजू मांडणारे सविस्तर उत्तर लिहिले. पुढे तिला पुस्तके सोडावी लागली, आणि १६९५ मध्ये साथीत आजारी जोगिणींची सेवा करता करता ती वारली. तिच्या नावाने संगीत, नाटक, नृत्य, साहित्य असा बायकांच्या कर्तृत्वाचा महोत्सव भरवणे ही शिक्षकांनाच सुचावी अशी गोष्ट. मेक्सिकन म्हणजे मिशीवाला, सोम्ब्रेरो ही रुंद काठाची टोपी घातलेला पुरुष, या चित्राला दिलेले ते थेट उत्तर होते.

त्याहून धाडसाचे काम २००६ मध्ये झाले, ते मेक्सिकोतल्या आफ्रिकन वारशावरच्या प्रदर्शनाने. वसाहतकाळात मेक्सिकोत मोठ्या संख्येने आफ्रिकन गुलाम आणले गेले होते. वेराक्रूसच्या डोंगरात गास्पार यांगा याने १५७० च्या सुमारास बंड करून पळालेल्या गुलामांची वसाहत वसवली आणि अखेर स्पॅनिश सत्तेला त्यांचे स्वतंत्र गाव मान्य करावे लागले. १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द करणारे राष्ट्राध्यक्ष विसेन्ते गेरेरो यांच्यातही आफ्रिकन रक्त होते. पण क्रांतीनंतर स्पॅनिश आणि आदिवासी यांच्या मिश्रणाची गोष्ट राष्ट्राने स्वीकारली आणि तिसरे मूळ पाठ्यपुस्तकांतून गळाले. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्त्या एकमेकींना लागून असलेल्या, पण एकमेकींपासून तुटलेल्या शिकागोत हे प्रदर्शन लागले, पुढे अमेरिकेतल्या इतर शहरांत आणि मेक्सिकोतही गेले. मेक्सिकोने आफ्रो-मेक्सिकन समाजाला राज्यघटनेत स्थान दिले ते २०१९ मध्ये. २०२० च्या जनगणनेत २५ लाखांच्या आसपास लोकांनी स्वतःला तसे नोंदवले.

दरम्यान इमारत २००१ मध्ये मोठी झाली, 'मेक्सिकन फाइन आर्ट्स सेंटर म्युझियम' हे जुने नाव २००६ मध्ये बदलले, तरुणांसाठी कलावर्ग आणि काही वर्षे एक रेडिओ केंद्रही चालले. तोर्तोलेरो २०२३ अखेर निवृत्त झाले.

आता प्रश्न वस्तीचा आहे. भित्तिचित्रांनी आणि उत्सवांनी पिल्सनला नाव मिळवून दिले, त्यामागोमाग घरभाडी आणि मालमत्ता कर चढले. २००० नंतरच्या दीड दशकात दहा हजारांहून अधिक लॅटिनो रहिवासी इथून गेले. कासा अस्तलान या जुन्या समाजकेंद्राची इमारत विकली गेली आणि २०१७ मध्ये तिच्यावरचे प्रसिद्ध भित्तिचित्र करड्या रंगाखाली गेले. लोक संतापले, तेव्हा मूळ चित्रकार रे पात्लान यांना बोलावून तिथे नव्याने चित्र काढून घ्यावे लागले. संग्रहालयाला २०२१ मध्ये अब्जाधीश दानशूर मॅकेंझी स्कॉट यांच्याकडून ८० लाख डॉलरची देणगी मिळाली, त्यामुळे मोफत दार उघडे ठेवायला बळ आले. पण ओफ्रेंदा मांडणाऱ्या कुटुंबांचे भाडे अशा देणगीतून भरता येत नाही. वस्तीच्या मधोमध राहायचे म्हणून हॅरिसन पार्क निवडणाऱ्या संस्थेला आता दूर उपनगरांत गेलेल्या आपल्याच माणसांपर्यंत पोचायचे आहे.