हार्ट फेल्युअर

हार्ट फेल्युअर म्हणजे आपल्या इकडे 'हार्ट कमजोर झालं' म्हणतात ते. 'फेल' ऐकूनच माणूस अर्धा खचते, पण यात हृदय बंद पडलेलं नसतं, पंपाची ताकद कमी झालेली असते किंवा तो कडक झालेला असतो, मग पाणी मागं फुप्फुसात नि पायात तुंबतं. कारणं म्हणजे जुना अटॅक, बीपी, शुगर, दारू, लहानपणीच्या सांधेतापानं खराब झालेली झडप. गडचिरोलीकडं सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळं रक्त फारच कमी झालं तरी हृदयावर ताण येतो.

सुरुवात लवकर ध्यानात येत नाही. कापूस वेचताना दम लागून राहिला तर घरचे म्हणतात वय झालं, मग रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो, एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन, शेवटी माणूस बाजेवर बसूनच रात्र काढतो. चप्पल घट्ट होते, नडगीवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. २-३ दिवसांत वजन २ किलो वाढलं तर ते पाणीच समजा. इकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते, ४० टक्के किंवा खाली आला तर पंप कमजोर, पण ईएफ चांगला असूनही हा आजार असू शकतो.

'लघवीची गोळी' म्हणजे फ्युरोसेमाइड. तिनं सूज उतरते, दम कमी होतो, म्हणून पेशंटले तीच खरी गोळी वाटते. पण ईएफ कमी असलेल्यांचं आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या दुसऱ्याच: एनालाप्रिल किंवा रामिप्रिल (काहींना कोरडा खोकला येतो) नाहीतर त्याऐवजी सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, सोबत मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन अन् मूळची शुगरची डापाग्लिफ्लोझिन, जी शुगर नसलेल्यांनाही चालते हे २०१९ मध्ये दिसलं. यांचा फरक लगेच कळत नाही, मेटोप्रोलॉलनं तर आधी थकवाच वाढल्यासारखा वाटते, म्हणून डोस हळूहळू चढवतात. अन् इथंच घोटाळा होतो, "पाय तं उतरले, आता गोळी काहून घ्याची?" स्पायरोनोलॅक्टोननं पोटॅशियम वाढतं, त्यामुळं किडनीसोबत त्याचीही रक्ततपासणी लागते. १७८५ मध्ये विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं फॉक्सग्लोव्ह या ज्या झाडावर लिहिलं, त्याच्याच जातभाईतून आलेलं डिगॉक्सिन आता मोजक्याच पेशंटना देतात.

गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक अंगात पाणी-मीठ धरून ठेवते, वरून लोणचं-पापड. मे महिन्यात पारा ४५ वर गेला, घाम चालू अन् लघवीची गोळीही चालू, तर बीपी पडून चक्कर येते, तेव्हा डोस कमी करायचा का हे डॉक्टरले फोन करूनच विचारावं.