ब्राखोत : यहुदी भोजनापूर्वीची आणि भोजनानंतरची स्तवने

यहुदी धर्मात काहीही खाण्यापिण्यापूर्वी आणि खाऊन झाल्यावर म्हणायच्या ठरावीक हिब्रू वचनांना ब्राखोत म्हणतात. एकवचन ब्राखा. मराठीत या शब्दासाठी सहसा ‘आशीर्वाद’ वापरतात, पण त्याने थोडी दिशाभूल होते. आपल्याकडे आशीर्वाद मोठ्याने धाकट्याला द्यायचा असतो, तर ब्राखा माणूस देवाला उद्देशून म्हणतो. ब्राखा म्हटल्याने अन्न पवित्र होत नाही, अन्नावर काही मंतरलेही जात नाही. ताटातले अन्न कोणाचे आहे हे तोंडाने कबूल करणे, एवढाच तिचा हेतू. म्हणून या नोंदीत ‘स्तवन’ हा शब्द घेतला आहे.

प्रत्येक अन्नस्तवनाची सुरुवात एकच असते : ‘बारूख अता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम’, म्हणजे ‘धन्य तू, प्रभो, आमच्या देवा, विश्वाच्या राजा’. पुढचे शब्द पदार्थ पाहून बदलतात. ‘तू’ म्हणून सुरू झालेले वाक्य पुढे ‘जो उत्पन्न करतो’ असे तृतीय पुरुषात जाते. जवळ असलेला आणि तरीही डोळ्यांना न दिसणारा, असे देवाचे दोन्ही भाव त्या एका वाक्यात येतात.

या प्रथेचे मूळ विवेचन इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातल्या ‘ब्राखोत’ याच नावाच्या प्रकरणग्रंथात आहे. त्याचा सहावा अध्याय ‘फळांवर स्तवन कसे करावे?’ या प्रश्नाने सुरू होतो. त्यावर भाष्य करताना बाबिलोनी तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ, सांगतो की स्तवन न करता या जगाचा उपभोग घेणे म्हणजे ‘मेइला’, देवळाच्या मालकीची वस्तू परस्पर वापरण्याचा अपराध. तिथेच राबी (धर्मपंडित) लेवी बायबलमधली दोन स्तोत्रे समोरासमोर ठेवतात. चोविसावे स्तोत्र म्हणते, पृथ्वी आणि तिच्यावरचे सारे परमेश्वराचे आहे. एकशे पंधरावे म्हणते, आकाश परमेश्वराचे, पृथ्वी मात्र त्याने माणसांना दिली. मग खरे काय? दोन्ही खरे. पहिले स्तवनापूर्वीचे आणि दुसरे स्तवनानंतरचे. म्हणजे खाण्याआधीचे स्तवन हे आभारापेक्षा परवानगीच्या अधिक जवळचे आहे. सगळ्या प्रथेची किल्ली मला या चर्चेत दिसते, कारण पुढचे बारीकसारीक नियम हिच्यातूनच उलगडतात.

खाण्याआधीची स्तवने सहा आहेत. पावासाठी ‘हामोत्सी लेखेम मिन हाआरेत्स’, भूमीतून भाकर काढणाऱ्याला. गहू, जव, स्पेल्ट, ओट आणि राय या पाच धान्यांपासून केलेल्या केक, शेवया, लापशी अशा पदार्थांसाठी ‘मझोनोत’. द्राक्षारसासाठी ‘हागाफेन’, झाडाच्या फळासाठी ‘हाएत्स’, जमिनीतून उगवणाऱ्या भाजी-शेंगांसाठी ‘हाअदामा’. उरलेल्या सगळ्यासाठी, म्हणजे मांस, मासे, दूध, अंडी, पाणी, चहा-कॉफी यांच्यासाठी, ‘शेहाकोल’, ज्याच्या शब्दाने सर्व काही झाले त्याला.

गव्हाचा एक दाणा घेतला की ही व्यवस्था कशी चालते ते नीट कळते. गहू भाजून नुसता चघळला तर तो जमिनीचे फळ, त्यावर हाअदामा. त्याचाच रवा करून शिरा केला तर मझोनोत. पीठ मळून पाव भाजला तर हामोत्सी. दाणा तोच, पण माणसाचे हात जसजसे लागतात तसतसे स्तवन वरच्या पायरीला जाते. द्राक्षाचेही तसेच. घड खाल्ला तर हाएत्स, त्याची वाइन झाली की तिला स्वतःचे वेगळे स्तवन. बाकी फळांच्या बाबतीत मात्र उलट घडते. संत्रे सोलून खाल्ले तर हाएत्स आणि त्याचा रस काढून प्याला तर शेहाकोल, कारण रस म्हणजे ते फळ नव्हे. भाकर आणि वाइन या दोन्हींत निर्मात्याची आणि माणसाची मेहनत एकत्र येते, म्हणून त्यांना हा मान आहे.

झाडाचे फळ आणि जमिनीचे फळ यांतली सीमारेषा तालमूदने वनस्पतीच्या वाढीवरून आखली आहे. फळ काढून घेतल्यावर फांदी उरते आणि तिलाच पुन्हा फळ येते, तर ते झाड. तसे नसेल तर ती जमिनीची उपज. या कसोटीवर केळे हाअदामाचे ठरते. योसेफ कारो यांच्या, १५६५ मध्ये व्हेनिसला छापल्या गेलेल्या ‘शुलखान आरूख’ या धर्मसंहितेत केळ्याचा हा निर्णय स्पष्ट दिला आहे. केळीची बाग पाहिलेल्या कोणाही मराठी माणसाला हे लगेच पटेल : घड उतरवला की तो खांब संपला, पुढचे पीक बुंध्याशी फुटलेल्या मुनव्यांवर. अळंबीचे उदाहरण आणखी बारीक आहे. ती जमिनीवर उगवते, पण इतर रोपांसारखी मातीतून पोषण घेत नाही, असे तालमूदकारांनी नोंदवले आणि तिला शेहाकोलमध्ये घातले. स्तवन बरोबर म्हणायचे तर पदार्थ कशाचा आहे आणि तो कसा वाढतो, हे खाणाऱ्याला ठाऊक असावेच लागते. न बघता खाणे या प्रथेत बसत नाही.

एका घासात अनेक पदार्थ असतील तर मुख्य पदार्थाचे स्तवन पुरते, तोंडीलावण्याला वेगळे लागत नाही. जेवण पावाने सुरू केले की हामोत्सीत पुढचे सगळे ताट येते, फक्त वाइनला आणि बहुधा शेवटच्या फळांना स्वतंत्र स्तवन करतात. चुकून शेहाकोल म्हटले गेले तर ते कोणत्याही पदार्थाला चालून जाते. एक स्तवन केले की नाही अशी शंका आली तर ते पुन्हा म्हणायचे नाही, कारण देवाचे नाव व्यर्थ उच्चारणे हा मोठा दोष मानला जातो. आणि स्तवन व पहिला घास यांच्यामध्ये बोलायचे नाही.

हा न बोलण्याचा नियम शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रामदिनाच्या, जेवणात डोळ्यांना दिसतो. शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर दोन पाव कापडाखाली झाकलेले असतात. मिसरमधून सुटलेल्या इस्राएलींसाठी वाळवंटात शुक्रवारी मान्ना हे आकाशातून पडणारे अन्न दुप्पट पडे, त्याची ही आठवण. आधी वाइनवर किद्दूश, म्हणजे शब्बाथचे पावित्र्य सांगणारे स्तवन, होतो. एरवी क्रमात पाव वाइनच्या आधी येतो, म्हणून वाइनला पहिला मान मिळताना पावाचा अवमान होऊ नये यासाठी तो झाकलेला, असे एक कारण सांगतात. मग प्रत्येकजण दोन कानांच्या भांड्याने आळीपाळीने दोन्ही हातांवर पाणी घेतो आणि हात धुण्याचे स्तवन म्हणतो. त्या क्षणापासून घरात शांतता. मुलेसुद्धा खुणेने बोलतात. घरचा कर्ता दोन्ही पाव उचलून हामोत्सी म्हणतो, बाकीचे ‘आमेन’ म्हणतात, पाव कापून तुकडा मिठात टेकवला जातो आणि पहिला घास तोंडात गेल्यावरच बोलणे पुन्हा सुरू होते.

जेवणानंतरचे स्तवन त्याहून जुन्या आधारावर उभे आहे. आधीची स्तवने धर्मपंडितांनी घालून दिली, नंतरच्याची आज्ञा मात्र थेट बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात आहे (८:१०) : खा, तृप्त हो आणि तुला दिलेल्या उत्तम भूमीबद्दल परमेश्वराचा धन्यवाद कर. भुकेल्या माणसाला देव आठवणे सोपे आहे. पोट भरल्यावर तो विसरेल याची चिंता त्याच अध्यायात पुढे बोलून दाखवली आहे. पाव खाल्ल्यावर म्हणायच्या या दीर्घ प्रार्थनेला ‘बिरकत हामाझोन’ म्हणतात. तिचे चार भाग आहेत आणि तालमूदच्या मते प्रत्येक भाग वेगळ्या काळातला आहे. अन्नदात्याचे स्तवन मोशेने मान्ना पडली तेव्हा रचले, भूमीचे यहोशवाने देशात प्रवेश करताना, यरुशलेमचे दावीद आणि शलमोन यांनी. चौथा भाग, ‘चांगला आणि चांगले करणारा’, यावनेच्या पंडितांचा. रोमनांविरुद्धच्या बार कोखबाच्या उठावात इ. स. १३५ मध्ये बेतार हे यहुद्यांचे ठाणे पडले. तिथल्या मृतांना दफन करण्याची परवानगी पुष्कळ उशिरा मिळाली. प्रेते कुजली नव्हती म्हणून ‘चांगला’, आणि ती पुरता आली म्हणून ‘चांगले करणारा’. एवढ्या मोठ्या पराभवाची आठवण रोजच्या जेवणाशी जोडलेली आहे, आणि तीही कृतज्ञतेच्या शब्दांत. तिघे प्रौढ एकत्र जेवले तर एकजण बाकीच्यांना प्रार्थनेचे आमंत्रण देतो. त्याला ‘झिम्मून’ म्हणतात.

पावाशिवायच्या खाण्यानंतरची स्तवने लहान आहेत. पाच धान्यांचे इतर पदार्थ, वाइन आणि इस्राएलच्या भूमीची म्हणून गौरवलेली द्राक्षे, अंजीर, डाळिंब, जैतून व खजूर ही फळे, यांच्यासाठी बिरकत हामाझोनचा सारांश असलेले एक स्तवन, आणि बाकी सगळ्यासाठी ‘बोरे नफाशोत’. त्यात असंख्य जीव आणि त्यांच्या गरजा निर्माण करणाऱ्याची स्तुती आहे. गरज ही निर्मिती मानून तिच्याबद्दलही धन्यवाद देणारे हे वचन मला या सगळ्यांत सुंदर वाटते. नंतरच्या स्तवनासाठी निदान जैतुनाच्या फळाएवढे तरी खाल्लेले असावे लागते. आधीच्या स्तवनाला मात्र असे किमान माप नाही. चिमूटभर खायचे असले तरी ते म्हणायचे.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे रोजचे अन्न या नियमांना लावून पाहिले तर निराळाच तक्ता तयार होतो. तांदळाची भाकरी नावाने भाकरी असली तरी तांदूळ पाच धान्यांत येत नाही. तिच्यावर हामोत्सी नाही, मझोनोत म्हणतात आणि खाल्ल्यावर बोरे नफाशोत. ज्वारी-बाजरीच्या भाकरीलाही हामोत्सी नाही. या समाजाकडे शतकानुशतके हिब्रू ग्रंथ नव्हते, ‘शमा’ ही एक प्रार्थना मात्र टिकून होती. पुढे कोचीनच्या यहुद्यांशी संपर्क वाढल्यावर हिब्रू प्रार्थनांचे शिक्षण मिळू लागले. किद्दूशसाठी वाइन नसे, तेव्हा काळ्या मनुका पाण्यात भिजवून त्यांचे सरबत करण्याची चाल पडली आणि ती अजून आहे. मनुका द्राक्षाच्याच, म्हणून त्यावर हागाफेन म्हणता येते.

या समाजाचा खास विधी म्हणजे मलिदा. धुतलेले पोहे, खवलेले ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा एकत्र कालवून ताटात रास करतात आणि भोवती फळे मांडतात. लग्नाआधी, नवस फेडताना, नव्या घरात, आणि झाडांचे नवे वर्ष मानल्या जाणाऱ्या शवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी मलिदा करतात. या शेवटच्या सणाला समाजात एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलियाहू या संदेष्ट्याचा, उरूस म्हणतात. अलिबागजवळ खंडाळे इथे एलियाहू प्रकट झाला अशी श्रद्धा असून तिथल्या खडकावरची खूण त्याच्या रथाची मानली जाते. एलियाहूचे हिब्रू गीत म्हणून झाले की ताटातल्या फळांवर त्या त्या प्रकारचे स्तवन करतात. खजुरावर हाएत्स, केळ्यावर हाअदामा. मग मलिदा सगळ्यांना वाटतात.