मालकी रानांच्या जतनाचे शिक्षण (सातारा व सांगली जिल्हे)

खासगी मालकीच्या झाडीतील तोड, चराई, वणवा आणि पुनर्वाढ यांची शिस्त जमीनमालकांना व गावातील मुलांना शिकवण्याचे काम. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ते वनविभाग, सामाजिक वनीकरण विभाग, शाळांमधील राष्ट्रीय हरित सेना, महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजना आणि स्थानिक गट यांच्याकडून तुकड्यातुकड्याने होते. यातला बराच वेळ रोपे लावण्यात जातो. सह्याद्रीच्या पावसाळी डोंगरात मात्र झाड सहसा लावावे लागत नाही, ते येऊ द्यावे लागते. त्यामुळे येथे शिकवण्याजोगी मुख्य गोष्ट म्हणजे हात कधी आवरायचा.

भूमी. महाबळेश्वर, जावळी, पाटण हे तालुके, वाई व सातारा तालुक्यांचा पश्चिम भाग आणि सांगलीतील शिराळा तालुक्याचा डोंगरपट्टा एका बाजूला; माण, खटाव, आटपाडी, जत दुसऱ्या बाजूला. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माणदेशात त्याचा दहावा हिस्साही मोठ्या मुश्किलीने. कोयना अभयारण्य (1985) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (2004) मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या संरक्षित क्षेत्रांच्या भोवती आणि मधल्या पट्ट्यात मालकी जमिनी आहेत. तेथे ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी, गेळा, कारवी अशी झाडी उतारावर आपसूक वाढते. गवा किंवा बिबट्या सातबारा पाहून चालत नाही, म्हणून या रानांचे महत्त्व त्यांच्या क्षेत्रफळापेक्षा मोठे आहे.

वणवा. शिक्षणाचा सर्वांत अवघड धडा हाच. वनविभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतो. या काळात साताऱ्याच्या डोंगरांवर रात्री आगीच्या माळा दिसतात आणि त्यांतल्या बहुतेक माणसाने लावलेल्या असतात. कारणे अनेक: बांध जाळताना सुटलेली ठिणगी, गोचीड मरावेत ही इच्छा, पायवाट मोकळी करणे, शिकार, कधी नुसती खोडी. पण मुळाशी ‘जाळल्याशिवाय गवत फुटत नाही’ ही समजूत आहे. तिला अडाणीपणा म्हणून झटकणाऱ्या प्रशिक्षकाचे गावात कोणी ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण समजुतीत निम्मे तथ्य आहे. राखेतील क्षारांमुळे आणि वाळके गवत नाहीसे झाल्याने पहिला फुटवा खरोखर हिरवागार दिसतो. न दिसणारी बाजू पुढची. बहुवर्षायू गवत पाऊस पडला की जाळल्याशिवायही फुटते. जळलेल्या उघड्या उतारावरची माती मृगाच्या पहिल्या सरींनी ओढ्यात जाते. बोटभर उंचीची झाडांची पिलावळ होरपळते आणि मोकळ्या जागेत रानमोडी व घाणेरी घुसतात, ज्यांना जनावर तोंड लावत नाही. दोन शेजारच्या तुकड्यांपैकी एक तीन-चार वर्षे न जाळता राखून दाखवला तर व्याख्यानाची गरज उरत नाही.

कामाचे कौशल्य जाळरेषेचे. पायवाटेच्या आणि हद्दीच्या कडेने गवत कापून घ्यायचे आणि हंगाम तापण्यापूर्वी, दव असताना, माणसे उभी करून तो पट्टा जाळून टाकायचा. पेटलेला वणवा ओल्या डहाळ्यांनी बडवून किंवा ब्लोअरने विझवतात, पण उताराच्या वरच्या बाजूने आगीसमोर कधी जायचे नाही, हे मुलांना सर्वांत आधी सांगावे लागते. आग चढणीला वेगाने पळते. शाळकरी मुलांना प्रत्यक्ष विझवण्याच्या कामात घेऊच नये. त्यांचे काम खबर देण्याचे. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे आणि वनात हक्क असलेल्या ग्रामस्थांवर आग विझवण्यास मदत करण्याचे बंधनही आहे.

तोड. मालकी रान बहुधा ठेकेदाराला उक्ते विकले जाते: उभ्या रानाचा एकच भाव, मग करवत सगळ्यावरून सारखी फिरते. मालकाला पैसा लागतो, तेव्हा ‘तोडू नका’ हा सल्ला फुकटचा असतो. उपयोगी शिक्षण कसे तोडायचे ते सांगते. ऐन, किंजळ, जांभूळ यांचे बुंधे पुन्हा फुटतात. मात्र बुंधा जमिनीलगत, वीतभर उंचीवर, तिरका व गुळगुळीत कापला पाहिजे. साल सोलली गेली की पाणी साचून बुंधा कुजतो. एका बुंध्याला फुटव्यांचा झुबका येतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांतले जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढले, तर खोड लवकर जाडावते, आणि काढलेल्या काठ्या कुंपणाला किंवा वेलभाज्यांच्या मांडवाला होतात. ओढ्याच्या दोन्ही काठांना करवत लावायची नाही. ठरावीक अंतरावर बीजवृक्ष राखायचे. उंबर आणि ढोलीची जुनी झाडे ठेवायची. ठेकेदाराला ढोलीचे झाड कुचकामी वाटते, पण धनेशाला घरटे करायला दुसरी जागा नसते.

राबासाठी टहाळ तोडण्याचीही रीत आहे. नाचणी-वरीच्या रोपवाटिकेवर पाला-फांद्या जाळण्यासाठी ऐनाची झाडे वर्षानुवर्षे खांडली जातात. शेंडा शाबूत ठेवला आणि झाडाला एक-दोन वर्षे विसावा दिला तर ते तगते, हे जुन्या माणसांना माहीत असते. प्रशिक्षणात असे ज्ञान गावातल्या वडीलधाऱ्यांकडून वदवून घेणे जास्त परिणामकारक ठरते.

मालक कोठे आहे? जावळी आणि पाटणच्या खोऱ्यांतील असंख्य कुटुंबांतले पुरुष मुंबईत माथाडी कामगार म्हणून गेले. सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची नावांची रांग, गावात राहणारा एखादाच. करारावर सही कोण करतो आणि पैसे कोणाकोणात वाटले जातात, यावर रानाचे नशीब ठरते. म्हणून येथील मेळावे ग्रामदैवताच्या यात्रेच्या दिवसांत किंवा मे महिन्यात घेणे शहाणपणाचे. तेव्हा सर्व हिस्सेदार एका पारावर सापडतात. ऑगस्टात घेतलेल्या कार्यशाळेला उपस्थिती असते ती चहापुरती.

कायद्याची ओळख याच बैठकीत करून द्यावी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 नुसार हिरडा, साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ आदी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. खासगी वने संपादन कायद्याने 30 ऑगस्ट 1975 पासून अनेक खासगी वने शासनाकडे गेली. त्याच्या नोंदी इतर हक्कांच्या रकान्यात असू शकतात, म्हणून पहिला पाठ सातबारा नीट वाचण्याचा. बांबूचे मात्र सुटले आहे: 2017 च्या दुरुस्तीनंतर वनेतर जमिनीवरील बांबू केंद्रीय कायद्याच्या लेखी ‘झाड’ राहिला नाही.

आणि गवा. व्याघ्र प्रकल्पालगतच्या कोणत्याही सभेत पाचव्या मिनिटाला पिकाच्या नुकसानीचा विषय निघतो. त्याला बगल देऊन जैवविविधतेवर बोलणारा वक्ता श्रोते गमावतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपण आणि स्वयंपाकाचा गॅस यांसाठी मदत मिळते. भरपाईचा अर्ज भरायला शिकवणे हाही या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

उत्पन्न. उभे रान पैसे देते हे दाखवणारे उदाहरण महाबळेश्वर तालुक्यात आहे. मांघर हे गाव मे 2022 मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. महाबळेश्वरातील मध संचालनालय सातेरी माश्या पाळण्याचे प्रशिक्षण देते. पेटीतल्या माशीला जांभूळ, गेळा, हिरडा हवा असतो. कारवीला तर काही वर्षांनी एकदाच बहर येतो. मधपाळ वणव्याचा आपसूक विरोधक बनतो. हिरडा, शिकेकाई, करवंदे यांचेही गणित मांडता येते, पण मधाइतके ते कोठे ठळक झालेले नाही.

मुले. राष्ट्रीय हरित सेना 2001-02 पासून शाळांत आहे. दरवर्षी जूनमध्ये रोपे लागतात, फोटो निघतात, मार्चमध्ये खड्डे रिकामे असतात. बीजगोळे डोंगरावर फेकण्याचा उपक्रमही असाच: मुलांना मजा येते, रोपे क्वचितच तगतात. त्यापेक्षा बियांची ओळख जास्त शिकवते. जांभळाचे बी ताजे असतानाच पेरावे लागते, वाळले की उगवणशक्ती जाते; हिरड्याचे कठीण कवचाचे बी महिनोन्महिने सबुरी मागते. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर सुतळीने मोजून वहीत लिहिणे आणि दर साल तेच झाड पुन्हा मोजणे, याला खर्च नाही. आठवीतली मुलगी दहावीत जाईपर्यंत तिच्याकडे तिच्याच वडिलांच्या रानाच्या वाढीचा आकडा असतो, जो ठेकेदाराकडे नसतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून श्रम आणि शाळा यांची जोड या जिल्ह्याला परकी नाही. संस्थेचे बोधचिन्हही वडाचे झाड आहे.

पूर्वेकडचा माळ. येथे वरचे बहुतेक धडे बदलतात. माण, जत, आटपाडीतील गवताळ माळ हा झाडे हरवलेला जंगलाचा तुकडा नाही. तो लांडगा, खोकड आणि मेंढपाळांचे स्वतंत्र घर आहे. त्यावर सरसकट खड्डे खणून झाडे लावणे हे नुकसानच. येथे शिकवायचे ते आळीपाळीची चराई, कुरण राखणे, बांधावर बोर, बाभूळ, हिवर, लिंब टिकवणे. वृक्षारोपण खरोखर फळाला आले ते ओसाड टेकड्यांवर: वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सागरेश्वर येथे. 1985 मध्ये अभयारण्य घोषित झालेले हे सुमारे 11 चौरस किलोमीटरचे रान मानवनिर्मित आहे. त्यामागे कुंपण आणि वर्षानुवर्षांची राखण आहे. त्याच्या जवळच कुंडल येथे राज्याची वन प्रबोधिनी असून तेथे वनक्षेत्रपालांना प्रशिक्षण दिले जाते. जमीनमालकांसाठी तशा नियमित अभ्यासक्रमाची गरज आहे.