इंग्लंडमधल्या सरकारी शाळेत प्रवेश: अर्ज नेमका कुठे अडतो

शाळा बघून आलो, मुख्याध्यापिका छान बोलल्या, मुलाचं नावही विचारलं. म्हणजे प्रवेश झालाच, असं समजून निवांत राहिलेले आईबाप दर एप्रिलमध्ये भेटतात. रिसेप्शनचा, म्हणजे शाळेतल्या अगदी पहिल्या वर्गाचा अर्ज शाळेकडे नाही, कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे जातो. तोही तुम्ही राहता त्या कौन्सिलकडे, शाळा पलीकडच्या हद्दीत असली तरी. मूल त्याच शाळेच्या नर्सरीत असो, थोरली बहीण तिथे शिकत असो, अर्ज भरावाच लागतो.

अर्जाच्या मुदती दोनच. रिसेप्शनसाठी 15 जानेवारी, निकाल 16 एप्रिलला. इयर सेव्हन, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षासाठी 31 ऑक्टोबर, निकाल 1 मार्चला. गोंधळ होतो तो वर्षाचा. 1 सप्टेंबर 2022 ते 31 ऑगस्ट 2023 या काळात जन्मलेलं मूल सप्टेंबर 2027 मध्ये रिसेप्शनला जाणार, म्हणून अर्ज 15 जानेवारी 2027 पर्यंत. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल तेव्हा साडेतीन वर्षांचंही नसतं, म्हणून "अजून वेळ आहे" असं वाटतं. नसतो. उशिरा आलेले अर्ज सहसा वेळेत आलेल्यांच्या मागे जातात, आणि तोवर जवळच्या शाळा भरलेल्या असतात.

पसंतीक्रमात एकच शाळा लिहिली की ती मिळतेच, हा समज कुणी पसरवला देव जाणे. तुम्ही कितव्या क्रमांकावर लिहिलंय ते शाळेला कळत नाही. ती आपल्या निकषांवर यादी लावते: भावंड, अंतर वगैरे. जितक्या शाळांत तुमचा नंबर लागतो, त्यातली तुमच्या क्रमात सगळ्यात वरची कौन्सिल देते. किमान तीन नावं लिहिता येतात, लंडनमध्ये सहा. एकच लिहून ती हुकली, तर जिथे जागा उरली असेल तिथे जा म्हणतात. धार्मिक शाळा हवी असेल तर बहुतेकदा त्यांचा वेगळा पुरवणी फॉर्म थेट शाळेकडे द्यावा लागतो. तो राहून गेला की शाळेच्या यादीत मूल तळाशी जातं.

आता कागद. आपल्याकडून लोक फाइल भरून आणतात: लग्नाचा दाखला, आईच्या माहेरच्या नावाचं प्रतिज्ञापत्र, पगाराच्या स्लिपा. प्रवेश ठरवताना यातलं काही मागायला शाळेला नियमानेच मनाई आहे. मुलाच्या जन्मतारखेचा पुरावासुद्धा जागा देऊ केल्यावरच मागता येतो. लागतो तो पत्त्याचा पुरावा, आणि नेमका तोच नसतो. भाडेकरार एकाच्या नावावर, कौन्सिल टॅक्स (आपल्याकडच्या घरपट्टीसारखा कर) घरमालक भरतो, म्हणून बिलही नाही. अशा वेळी पुरावा जमेपर्यंत अर्ज थांबवू नका. मुदतीत अर्ज टाका आणि दुसरं काय चालेल ते कौन्सिलला लेखी विचारा. चांगल्या शाळेजवळच्या मामाचा पत्ता मात्र घालू नका. खोट्या माहितीवर मिळालेली जागा काढून घेता येते, आणि घेतातही.

वर्षाच्या मध्येच आलात तर इन-इयर अर्ज. तो काही ठिकाणी कौन्सिलकडे, काही ठिकाणी थेट शाळेकडे करायचा. उत्तर जास्तीत जास्त शाळेच्या 15 कामकाजी दिवसांत यायला हवं. डिपेंडंट व्हिसावरच्या, म्हणजे आईबापांच्या व्हिसाच्या आधारे आलेल्या मुलांनाही सरकारी शाळा मोफत आहे. व्हिसावरची "सरकारी निधी नाही" ही अट शिक्षणाला लागू नाही. ती वाचून खासगी शाळेची फी भरत बसलेली माणसं पाहिली की जीव हळहळतो.

नकार आला तर प्रतीक्षा यादीत राहा, पण रोज फोन करून क्रमांक विचारू नका. ती यादी आधी येईल त्याला आधी अशी नसते. शाळेच्या शेजारी कुणी नवीन राहायला आलं, तर तुम्ही तिसऱ्याचे पाचवे होता. अपिलासाठी शाळेचे किमान 20 दिवस मिळतात. रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू मध्ये एका शिक्षकामागे 30 मुलांची कायदेशीर मर्यादा आहे. वर्ग भरलेला असेल तर तिथे "शाळा घराजवळ आहे" हा मुद्दा फारसा टिकत नाही. कौन्सिलने अंतर चुकीचं मोजलं किंवा निकष चुकीचा लावला, हे दाखवता आलं तर आशा जास्त.

मुलांचं मार्गी लागलं की आईबापांच्या इंग्रजीचं बघा: मोठ्यांसाठी कौन्सिलचे इंग्रजीचे वर्ग असतात. वय 19 पुढे, आधी छोटी पातळी-चाचणी. फीमध्ये सवलत हवी असेल तर व्हिसावरच्या माणसाला सर्वसाधारणपणे देशात तीन वर्षं झालेली लागतात, आणि हे बहुतेकांना नावनोंदणीच्या खिडकीवरच कळतं. तिथे ई-व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून काढायचा कोड, मागितला जाऊ शकतो. तो 90 दिवसच चालतो, त्यामुळे महिनोन्‌महिने आधी काढून ठेवू नका.