ड्रायव्हर नाही की फर्मवेअर नाही?

गेल्या रविवारी भाचा लॅपटॉप बगलेत मारून कळव्याहून आमच्या नौपाड्याच्या घरी आला. लॅपटॉप ऐरोलीतल्या कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेला, त्याने स्वस्तात उचललेला. घरात पडलेल्या जुन्या पेनड्राइव्हवरून त्यावर डेबियन ११ टाकलं होतं. डेबियन म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार. बाकी सगळं झकास, फक्त वाय-फायचं चिन्हच दिसेना.

"मावशी, ड्रायव्हर सापडत नाहीये गं. तीन वेगवेगळे टाकून बघितले."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ड्रायव्हर त्या लॅपटॉपमध्ये पहिल्यापासून होता. नव्हतं ते फर्मवेअर.

ही गल्लत होते, कारण विंडोजमध्ये दोन्ही एकाच सेटअपमधून येतात आणि आपण त्या अख्ख्या गाठोड्यालाच ड्रायव्हर म्हणतो. लिनक्समध्ये दोघांची बिऱ्हाडं वेगळी. ड्रायव्हर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग असतो आणि लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो. कार्डाला काय सांगायचं आणि कार्ड काय म्हणतंय, हे कळणं त्याचं काम. फर्मवेअर चालतं ते खुद्द वाय-फाय कार्डात. हे कार्ड म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच: त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी. पण वीज गेली की बहुतेक कार्डांची ही मेमरी कोरी होते. म्हणून दर वेळी लॅपटॉप सुरू होताना ड्रायव्हर 'लिब'मधल्या 'फर्मवेअर' फोल्डरातून एक फाइल उचलतो आणि कार्डात भरतो. ती मिळाली नाही तर कार्ड नुसतं बसून राहतं.

मग ओळखायचं कसं? टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एलएसपीसीआय लिहायचं, एक जागा सोडून डॅश आणि के. यादीत वाय-फाय कार्ड शोधायचं आणि त्याखालच्या ओळी वाचायच्या. भाच्याच्या इंटेल कार्डाखाली 'कर्नल मॉड्यूल्स' (या कार्डासाठी कर्नलकडे असलेले ड्रायव्हर) या ओळीत आयडब्ल्यूएलवायफाय हे नाव होतं, पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' (आत्ता चालू असलेला ड्रायव्हर) ही ओळच नव्हती. फसगत होते ती इथेच. इंटेलचा हा ड्रायव्हर येतो, फाइल मागतो, ती मिळाली नाही की कार्ड सोडून निघून जातो. आपण उशिरा बघतो आणि म्हणतो, ड्रायव्हर नाही!

तो येऊन गेल्याचा पुरावा कर्नलच्या नोंदींत असतो. सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, डीमेसेज ही नोंदी दाखवणारी आज्ञा चालवली, तर आयडब्ल्यूएलवायफायच्या नावाने 'फेल्ड टू लोड'च्या ओळींची रांगच निघाली. प्रत्येक ओळीत फाइलचं नाव, आवृत्तीचा आकडा एकेकाने उतरत जाणारा, आणि शेवटी उणे २. उणे २ म्हणजे अशी फाइलच नाही. बिचाऱ्याने नवी मागितली, मग जुनी, मग त्याहून जुनी.

फाइल नव्हती याचं कारण तांत्रिक नाही, तात्त्विक आहे. या फर्मवेअरचा सोर्स कोड कंपन्या देत नाहीत, म्हणून डेबियनने ते आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये घेतलं नव्हतं. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन हे धोरण बदललं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते सोबत येऊ लागलं. तत्त्व मला पटतं. पण वाय-फाय नसलेल्या माणसाने वाय-फायची फाइल इंटरनेटवरून आणावी, हा कारभार अजब होता खरा. उबंटू, मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांमध्ये ही फाइल बहुधा आधीच असते.

उपाय सोपा निघाला. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं. लॅपटॉपला ते तारेचं नेटवर्क वाटतं. डेबियन पॅकेजेस कुठून आणतं त्या सोर्सेसच्या यादीत 'नॉन-फ्री' हा शब्द घातला, फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय हे पॅकेज टाकलं, रीस्टार्ट केलं. वाय-फाय हजर.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन. घणसोलीच्या मित्राच्या नव्या लॅपटॉपवर त्याने तोच पेनड्राइव्ह चालवला होता, पुन्हा वाय-फाय नाही, आणि या वेळी शहाणपणाने रिअलटेकचं फर्मवेअर टाकूनही काही होत नव्हतं.

"कार्डाखाली मॉड्यूल्सची ओळ आहे का रे?"

"नाहीये. दोन्ही ओळी नाहीत."

म्हणजे इथे खरोखरच ड्रायव्हर नव्हता. कार्ड रिअलटेक ८८५२एई. त्याचा आरटीडब्ल्यू८९ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ५.१६ पासून, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये. डेबियन ११ चं कर्नल ५.१०. ज्या कर्नलला ते कार्डच ठाऊक नाही, तिथे फाइल मागणार कोण? फर्मवेअर फोल्डरात नुसतं पडून होतं. इथे सरळ औषध एकच, नवं कर्नल. इंटरनेटवरून ड्रायव्हरचा कोड उतरवून स्वतः बांधताही येतो, पण कर्नल बदललं की तो पुन्हा बांधायचा आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर त्यावर डिजिटल सही करायची. ती कटकट मी त्याच्या गळ्यात घातली नाही. कर्नल ६.१ असलेलं डेबियन १२ टाकायला सांगितलं, आणि तो जुना पेनड्राइव्ह आधी पुसायला.